हातातले काम आणि पुढची वाट: वेर्ण्यातल्या एका ॲनालिस्टला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डिचोलीला राहता, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि गेली नऊ वर्षे गोव्यातल्याच वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत ॲनालिस्ट म्हणून काम करता. घरी पाच वर्षांची मुलगी आणि वयस्कर सासूबाई आहेत. तुमच्यानंतर लागलेला एक सहकारी सेक्शन हेड झाला, बरोबरीची मैत्रीण हैदराबादला गेली आणि घरचे लोक अजूनही सरकारी नोकरीच्या परीक्षा द्यायला सांगतात. तुम्हाला कोणाच्या शर्यतीत धावायचे नाही, पण रोज संध्याकाळी टेबलावर काम शिल्लक टाकून कंपनीची बस पकडावी लागते, याची टोचणी आहे. आपण संथ आहोत की आळशी, स्वतःच्या गतीने पुढे जाणे खरोखर शक्य असते का, आणि रेग्युलेटरी अफेअर्सची (औषधांना नियामकांची मंजुरी मिळवण्याच्या कामाची) पदविका करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे अशाच प्रयोगशाळांत गेली. आधी बेंचवर आणि नंतर प्रयोगशाळेची जबाबदारी घेऊन. त्या अनुभवावरून सांगायचे, तर तुमच्या मजकुरात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. संध्याकाळी काम शिल्लक राहते, हा प्रश्न प्रयोगशाळेतून काम कसे पुढे सरकते याचा आहे. नऊ वर्षांनी पद तेच आहे, हा प्रश्न त्या वर्षांत तुमच्यापाशी काय साठले आणि ते कोणाच्या नजरेला आले याचा आहे. हे दोन्ही एकत्र झाले की, रोज काम अपुरे राहणारा माणूस स्वतःला कमी लेखू लागतो, आणि स्वतःला कमी लेखणारा माणूस पुढच्या पदासाठी तोंडच उघडत नाही. म्हणून आधी हातातल्या कामाबद्दल आणि मग पुढच्या वाटेबद्दल लिहितो.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य केले पाहिजे. घरात दुसरा पगार येतो की नाही, गृहकर्जाचा हप्ता किती आहे, मुलीला शाळेतून आणायला कोणी आहे की नाही, यावर तुम्हाला परवडणारी गती ठरते. कारखाना कोणत्या बाजारपेठांसाठी माल बनवतो, प्रयोगशाळेत यंत्रे पुरेशी आहेत का आणि वरिष्ठ ऐकून घेणारे आहेत का, यावर तुमच्या हातात किती गोष्टी आहेत ते ठरते. माणसे कमी आणि उत्पादन दुप्पट अशी स्थिती असेल, तर कितीही शहाणपणाने काम केले तरी टेबल रिकामे होणार नाही, आणि ते न होण्याची जबाबदारी तुमची नाही.

आता शिल्लक कामाबद्दल. बहुतेक ॲनालिस्ट अशा वेळी हात अधिक भराभर चालवतात किंवा एकाच वेळी अधिक सॅम्पल उघडतात, म्हणजे चाचणीला घेतात. पहिल्याने चुका वाढतात. दुसऱ्याने काय होते, ते सांगणारा एक नियम जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केला. सुरू असलेल्या कामांची सरासरी संख्या भागिले दिवसाला पूर्ण होणाऱ्या कामांची सरासरी संख्या, म्हणजे एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागणारा सरासरी काळ. तुमच्या नावावर ४० सॅम्पल उघडी असतील आणि दिवसाला ५ बंद होत असतील, तर प्रत्येकाला सरासरी ८ दिवस लागणारच. तुम्ही आणखी १० उघडली आणि दिवसाला ५ च बंद होत राहिली, तर तो काळ १० दिवसांवर जातो. काम पुढे सरकल्याचा भास होतो, पण पॅकिंगवाले आणि डिस्पॅचवाले तुमच्या निकालाची वाट पाहतच राहतात.

कामांच्या रांगांच्या याच शास्त्रातली दुसरी गोष्ट वरिष्ठांनी अधिक ध्यानात घेण्यासारखी आहे. कामे अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असतो, अशा एका टेबलाचा सर्वांत साधा गणिती नमुना घेतला, तर टेबल ८० टक्के व्यग्र असताना नव्या कामाला हात लागेपर्यंत एका कामाच्या सरासरी वेळेच्या ४ पट थांबावे लागते. ९० टक्क्यांवर हेच थांबणे ९ पट होते आणि ९५ टक्क्यांवर १९ पट. प्रयोगशाळेतला नमुना यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, पण दिशा हीच असते. माणसाचा प्रत्येक तास आगाऊ भरून टाकणारे वेळापत्रक कागदावर कार्यक्षम दिसते आणि प्रत्यक्षात एखादे यंत्र दोन तास बंद पडले की आठवडाभर सावरत नाही. तुमचा दिवस असाच काठोकाठ भरलेला असेल, तर संध्याकाळी काम शिल्लक राहणे हा त्या गणिताचा परिणाम आहे आणि त्याचा आळसाशी संबंध नाही.

यातून माझ्या प्रयोगशाळेत मी जी पद्धत लावली, ती साधी होती. नवे सॅम्पल उघडण्याआधी अर्धवट राहिलेले एक बंद करायचे. अर्धवट म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे: एचपीएलसीची (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लावलेल्या चाचण्या, रात्रीत संपली आहे पण क्रोमॅटोग्राम (त्यांचे आलेख) तपासलेले नाहीत, डिझोल्युशन (गोळी विरघळण्याची चाचणी) झाले आहे पण गणित राहिले आहे, निकाल तयार आहे पण रिव्ह्यूमधून आलेल्या शेऱ्यांना उत्तर दिलेले नाही. सकाळी आल्यावर पहिला पाऊण तास फक्त या अर्धवट कामांना द्यावा. मोबाइल फेज (त्या यंत्रातून वाहणारे द्रावण) करायला घेण्याचा मोह त्या वेळी मोठा असतो, कारण यंत्र रिकामे दिसते आणि रिकामे यंत्र पाहून वरिष्ठ अस्वस्थ होतात. पण कारखान्याला उपयोग बंद झालेल्या निकालाचा असतो. चालू यंत्राचा तेवढा नसतो.

याला जोडून एकत्रीकरण. एकाच उत्पादनाच्या दोन-तीन बॅचेस एका सिक्वेन्समध्ये घेतल्या, तर मोबाइल फेज, स्टँडर्ड (तुलनेसाठीचा प्रमाण नमुना), कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) स्थिरावण्याचा वेळ आणि सिस्टम सुटॅबिलिटी (यंत्रणा योग्य चालते आहे का, याची चाचणी) हे सारे एकदाच करावे लागते. मात्र याला दोन मर्यादा आहेत. तयार केलेले द्रावण किती तास ग्राह्य राहते हे पद्धतीत लिहिलेले असते आणि त्यापलीकडे ताणता येत नाही. आणि पहिली बॅच डिस्पॅचसाठी अडली असेल, तर दुसरीची वाट पाहत तिला थांबवणे चूक आहे. कोणते एकत्र करायचे हे आदल्या दिवशी दुपारी ठरवले, तर ते जमते. सकाळी धांदलीत जमत नाही.

सर्वांत जास्त वेळ कुठे जातो, असे मला विचारले तर मी रिव्ह्यूमधून परत येणाऱ्या कागदांकडे बोट दाखवीन. परत आलेला कागद तुमची पाच मिनिटे खातो असे वाटते, पण तो दुरुस्त होऊन रिव्ह्यूअरच्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभा राहतो आणि वर सांगितलेले थांबणे त्याला दुसऱ्यांदा भोगावे लागते. एक महिनाभर तुमच्या कागदांवर आलेले शेरे एका वहीत उतरवा. मला आजवर असे दिसले आहे की, बहुतेकांच्या वहीत चार-पाच प्रकारचेच शेरे फिरून फिरून येतात: कॉलमचा क्रमांक राहिला, तराजूच्या प्रिंटवर सही नाही, स्टँडर्डची मुदत लिहिली नाही, दशांश चिन्हानंतरचे आकडे नियमाप्रमाणे घेतले नाहीत. स्वतःचे चार शेरे कोणते, हे एकदा कळले की कागद पुढे पाठवण्याआधी तेवढेच चार पाहायचे. सर्वांसाठी बनवलेली ३० मुद्द्यांची तपासणी यादी कोणीही मनापासून वाचत नाही.

नोंद त्याच क्षणी करण्याचा नियम आपण ऑडिटच्या भीतीने पाळतो. प्रत्येक नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी, ही पाच तत्त्वे आपल्या क्षेत्रात सर्वांना पाठ असतात. पण ‘नंतर लिहीन’ म्हणून राहिलेली नोंद वेळेच्या हिशेबातही महाग पडते, कारण तासाभराने आठवून लिहिताना माणूस दोनदा तपासतो आणि तरीही साशंक राहतो. घाईत काही जण उलटे करतात, म्हणजे आधीच भरून ठेवतात. ते मात्र कोणी कितीही दबाव आणला तरी करू नका. त्यात नोकरी जाते आणि मागे चांगले नावही उरत नाही.

मध्येच होणाऱ्या हाकांबद्दल थोडेसे. बेंचवर कोणी ‘मातशें पळय गो’ (जरा बघ गं) म्हणाले की मान वळतेच, आणि नऊ वर्षांच्या अनुभवी बाईला तर दिवसभर हाका येतात. वजन करण्याचा आणि द्रावणे करण्याचा तास मोकळा ठेवा; त्या तासात हाक आली तर ‘अकराला येते’ एवढेच सांगा आणि अकराला खरोखर जा. तुम्ही नक्की येता, हे एकदा कळले की माणसे थांबायला शिकतात.

आता एक गोष्ट, जी फार थोडे ॲनालिस्ट करतात. स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध काळानुसार किती टिकते ते पाहणाऱ्या, चाचण्यांचे वेळापत्रक तुम्हाला महिनोन्‌महिने आधी माहीत असते. दीर्घ मुदतीची सॅम्पल साधारणपणे ३, ६, ९, १२, १८, २४ आणि ३६ महिन्यांनी निघतात. मे महिन्यात चेंबरमध्ये ठेवलेल्या बॅचेसचे तिमाही सॅम्पल ऑगस्टमध्ये निघणार, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे चवथ, गणेश चतुर्थी. त्या दिवसांत निम्मी प्रयोगशाळा रजेवर असते, हे दर वर्षी घडते आणि दर वर्षी त्याचे आश्चर्य व्यक्त केले जाते. पुढच्या सहा महिन्यांची स्टॅबिलिटीची सॅम्पल एका कॅलेंडरवर मांडा आणि त्यात चवथ, शिगमो, ठरलेली ऑडिट्स आणि यंत्रांच्या कॅलिब्रेशनच्या तारखा घाला. कोणते आठवडे जड आहेत, ते दहा मिनिटांत दिसेल. हा कागद वरिष्ठांपुढे ठेवणारी व्यक्ती प्रयोगशाळेचा विचार करते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

कंपनीच्या बसबद्दल तुम्ही कमीपणाने लिहिले आहे. डिचोलीहून वेर्णा म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे जवळजवळ तीन तास. झुआरीचा नवा पूल झाल्यावर प्रवास सुसह्य झाला असला, तरी अंतर तेच आहे. पण ठरलेल्या वेळी सुटणारी बस ही चांगली शिस्त आहे. स्वतःच्या दुचाकीने येणाऱ्यांना ‘आणखी अर्धा तास थांबू’ असे म्हणता येते, म्हणून त्यांची दुपार सैल जाते. बसने जाणाऱ्यांना तीन वाजताच ठरवावे लागते की आज काय बंद होणार आणि काय नाही. फक्त ते ठरवून मनात ठेवू नका, वरिष्ठांना सांगा: ‘या दोन बॅचेसचा निकाल आज देते, तिसरीचा उद्या दुपारी दोनपर्यंत. तिसरी आजच हवी असेल, तर पहिल्या दोनपैकी कोणती मागे ठेवू?’ या वाक्यात नकार नाही. प्राधान्य ठरवण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांच्याकडे ते परत जाते. शिल्लक कामाची टोचणी लागते ती बहुधा न सांगता शिल्लक टाकल्यामुळे. तारीख सांगून ठेवलेले काम तितके टोचत नाही.

इथवरचे सर्व नीट जमले, तर एक धोका आहे. तुमचे काम वेळेत संपू लागले, हे दिसताच तुमच्याकडे आणखी सॅम्पल येतील. प्रयोगशाळेत कोणी दुष्टपणाने असे करत नाही. जिथे जागा दिसते तिथे काम ओतले जाते. म्हणून वाचलेला वेळ कशासाठी, हे आधीच ठरवून वरिष्ठांशी बोलले पाहिजे. आठवड्यातले दोन तास मी अमुक काम शिकण्यासाठी देते, प्रशिक्षणाच्या नोंदीत ते लिहून घ्या, असे म्हणा. नोंदीत आलेला वेळ सहसा कोणी काढून घेत नाही. हा करार न करता फक्त वेग वाढवणारे अनेक हुशार ॲनालिस्ट मी पाहिले. ते खूप सॅम्पल तपासतात आणि दहाव्या वर्षी पहिल्या वर्षाचेच काम करत असतात.

यातूनच पुढच्या वाटेचा प्रश्न सुरू होतो. नऊ वर्षांत तुम्ही किती सॅम्पल तपासली, याला बाहेर किंमत नाही. एका कागदावर लिहून काढा: कोणाच्याही मदतीशिवाय मी काय करू शकते? एचपीएलसीवर पीक विचित्र आले तर कारण शोधता येते का? नवी पद्धत व्हॅलिडेट करण्याचा, म्हणजे ती भरवशाची आहे हे सिद्ध करण्याचा, प्रोटोकॉल लिहिता येतो का? ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल आला, तर त्याचा तपास करून अहवाल लिहिता येतो का? ऑडिटरसमोर बसून स्वतःच्या कामाचे उत्तर देता येते का? नव्या माणसाला शिकवता येते का? मग तोच कागद तीन वर्षांपूर्वी कसा दिसला असता, याचा प्रामाणिकपणे विचार करा. दोन्ही कागद सारखेच दिसत असतील, तर मात्र ‘स्वतःची गती’ हा शब्द तुम्ही थांबण्यासाठी वापरत आहात. त्यात एका ओळीची भर पडली असेल, तर तुम्ही चालत आहात आणि चालण्याचा वेग ही तुमची खासगी बाब आहे.

तुम्ही डिचोलीच्या आहात, म्हणून एक जवळचे उदाहरण. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. तुमच्या परिसरात हे घराघरात पाहिलेले आहे. ज्यांची सगळी कमाई त्या एकाच धंद्याला बांधलेली होती, त्यांची कोंडी झाली. फिटर, इलेक्ट्रिशियन, रासायनिक विश्लेषण जाणणारे यांना निदान दुसरीकडे जाऊन विचारता तरी आले. औषध उद्योगाची स्थिती तशी नाही, पण विचार करण्याची पद्धत तीच ठेवावी: आपल्या कौशल्यातला किती भाग या एका कारखान्याच्या एसओपींपुरता (लेखी कार्यपद्धतींपुरता) आहे आणि किती भाग कुंडई, मडकई, पिळर्ण या गोव्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींत किंवा राज्याबाहेर नेला तरी चालेल?

तुमच्या परिस्थितीत मी एकच कौशल्य निवडायला सांगेन: ओओएस आणि डिव्हिएशनचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाचा, तपास. याची कारणे सांगतो. बहुतेक ॲनालिस्ट हे काम टाळतात, कारण त्यात लिहावे लागते आणि गुणवत्ता हमी विभागाशी, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्सशी वाद घालावा लागतो. त्यामुळे इथे गर्दी नाही. नऊ वर्षांत तुम्ही ज्या चुका पाहिल्या, त्या इथे उपयोगी पडतात, म्हणजे तुमचे वय आणि अनुभव हा इथे फायदा ठरतो. हे काम करताना उत्पादन, गोदाम, अभियांत्रिकी अशा सगळ्या विभागांची माणसे भेटतात आणि कारखान्याला तुमचे नाव माहीत होते. शिवाय २०२३ च्या डिसेंबरअखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमने (औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीच्या भारतीय नियमांनी) गुणवत्तेच्या जोखमीचे व्यवस्थापन आणि उत्पादनाच्या गुणवत्तेचा नियमित आढावा या गोष्टी लहान कारखान्यांच्याही दारात आणल्या आहेत. तपासाची मांडणी करता येणारा माणूस अशा ठिकाणी हवा असतो आणि सहज मिळत नाही.

हे जमल्यावर दुसऱ्या टप्प्यात पद्धतींचे व्हॅलिडेशन घ्या. त्याचे आयसीएच (औषधांच्या नियमांत एकवाक्यता आणणारी आंतरराष्ट्रीय संस्था) क्यू२ हे मार्गदर्शक तत्त्व नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारले गेले आणि पद्धत विकसित करण्याबद्दलचे क्यू१४ त्याच्याबरोबरच आले. दोन्ही आयसीएचच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. बसमध्ये रोज एक परिच्छेद वाचावा आणि आपल्या प्रयोगशाळेत ते कसे केले जाते, हे दोन ओळींत लिहावे. एवढे पुरे आहे. संथ शिकण्याची लाज वाटण्याचे कारण नाही: हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले होते की, एका बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमात अधिक टिकते. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून धावत आलेल्यापेक्षा बसमध्ये वर्षभर वाचणारी व्यक्ती मुलाखतीत अधिक सुसंगत बोलते, असा माझाही अनुभव आहे.

आणखी एक विचारायची गोष्ट. औषध निर्मितीच्या परवान्याच्या संदर्भात चाचणीसाठी सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्यांना अन्न व औषध प्रशासनाची मान्यता घेतली जाते. तुमचे नाव त्यासाठी पाठवले आहे का, नसेल तर कधी पाठवणार, हे स्पष्ट विचारा. ही मान्यता पुढच्या नोकरीत उपयोगी पडते, आणि अनेक जण केवळ न विचारल्यामुळे तिच्यावाचून राहतात.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. सेक्शन हेड होणे म्हणजे अधिक चांगला ॲनालिस्ट होणे नव्हे. ते काम रजा, शिफ्ट, भांडणे, रात्री साडेदहाला येणारे फोन आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्पादन विभागाचा रेटा यांचे आहे. ते तुम्हाला हवे आहे का, याचे उत्तर आधी स्वतःला द्या. नको असेल, तर तपास आणि व्हॅलिडेशन यांतली तज्ज्ञ होण्याची वाट तितकीच मानाची आहे, फक्त लहान कारखान्यात तिला वेगळे पदनाम नसते आणि ते मागून घ्यावे लागते. आणि हवे असेल, तर मागा. एप्रिलच्या अप्रेझलची यादी बहुधा फेब्रुवारीतच मनात तयार झालेली असते; म्हणून जानेवारीत भेट मागा आणि ‘पुढच्या वर्षी ही जबाबदारी घ्यायची माझी इच्छा आहे, त्यासाठी माझ्यात काय कमी दिसते?’ असे विचारा. लहान मूल असलेल्या स्त्रीला बढती नकोच असेल, असे वरिष्ठ परस्पर ठरवून टाकतात, हे मी बैठकांत बसून ऐकले आहे. अशा ठिकाणी तुमच्या गतीचा काही दोष नसतो. त्यांनी न विचारता उत्तर लिहिलेले असते, आणि ते तुम्हालाच खोडावे लागते.

हैदराबादच्या मैत्रिणीशी तुलना करू नका, असे मी म्हणणार नाही, तुलना होतेच. पण ती पूर्ण करा. तिथे संशोधनाची आणि मोठ्या प्रमाणावरच्या कामाची संधी गोव्यापेक्षा जास्त आहे, हे खरे. घरभाडे, मुलीची शाळा आणि सासूबाईंची व्यवस्था यांचा हिशेब त्या पगारातून वजा करा आणि मग काय उरते, ते पाहा. काहींच्या बाबतीत तरीही जाणे शहाणपणाचे ठरते.

सरकारी नोकरीबद्दल घरच्यांना एक सरळ प्रस्ताव द्या. सरकारी प्रयोगशाळांतील तांत्रिक पदांची जाहिरात आली, तर तुमचा अनुभव तिथे मोलाचा आहे. तेवढे अर्ज अवश्य करा आणि वयोमर्यादा प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. मात्र कोणत्याही कारकुनी पदासाठी वर्षानुवर्षे सामान्यज्ञान पाठ करत राहणे, आणि ‘आज ना उद्या तिकडेच जायचे आहे’ म्हणून इथल्या कामात मन न घालणे, यात दोन्हीकडचे नुकसान होते. गोव्यातली कित्येक चांगली मुले या प्रतीक्षेत तिशी ओलांडतात.

गती कायम एकच ठेवावी लागत नाही, हेही लक्षात असू द्या. मुलगी पाच वर्षांची आहे. पुढची दोन वर्षे आठवड्याला दोन तास एवढेच जमले तर तेवढेच चालवा, पण ते शून्यावर जाऊ देऊ नका, कारण शून्यापासून पुन्हा सुरू करणे फार जड जाते. एखादे मोठे ऑडिट किंवा नव्या यंत्राची उभारणी अशी संधी मध्येच आली, तर महिनाभर जोर लावा. घरी आधी सांगून ठेवा आणि नंतर त्याबदल्यात रजा खरोखर घ्या. दोन प्रश्नांची दोन उत्तरे एकत्र सांगायची, तर रोजच्या कामात उघडी सॅम्पल कमी ठेवायची आणि परत येणारे कागद कमी करायचे, आणि त्यातून सुटलेला वेळ कौशल्यांच्या त्या कागदावर वर्षाला एक नवी ओळ घालण्यासाठी खर्चायचा.

जानेवारीत मागितल्यावरही वर्षभरात तपासाचे किंवा व्हॅलिडेशनचे एकही काम तुमच्या नावावर आले नाही, तर दुसरा कारखाना शोधायला लागा. त्यासाठी गोवा सोडावा लागत नाही. मुलाखतीत तुम्हाला ‘एखादा तपास सांगा’ असे विचारतील. कंपनीची किंवा उत्पादनाची गोपनीय माहिती न देता एक तपास पाच मिनिटांत नीट सांगता आला पाहिजे. त्याची तयारी आत्तापासून करा.

राहता राहिली पदविका. रेग्युलेटरी अफेअर्सचे काम म्हणजे बहुतांशी कागदपत्रांची जुळणी, मुदती आणि नियामकांच्या शंकांना उत्तरे. ज्याला प्रयोगशाळेचा माहोल आवडतो, त्याला ते कंटाळवाणे वाटू शकते आणि ज्याला लिहायला आवडते, त्याला ते मानवते. फी भरण्याआधी तुमच्याच कारखान्यातल्या त्या विभागाला विचारा की, एखाद्या उत्पादनाच्या डोसियरसाठी (मंजुरीसाठी नियामकांना द्यायच्या कागदपत्रांच्या संचासाठी) लागणारी विश्लेषणाची माहिती गोळा करायला तुमची मदत चालेल का. एक डोसियर त्यांच्याबरोबर पूर्ण करा. त्यानंतरही ते काम करावेसे वाटले आणि त्या विभागाने ‘पदविका असेल तर आम्ही घेऊ’ असे सांगितले, तर प्रवेश घ्या. तसे काही झाले नाही, तर ते पैसे राहू द्या आणि आधी तपासाचा पहिला अहवाल लिहून क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या टेबलावर ठेवा.